रीफ टँकमध्ये माजलेलं सॉफ्ट कोरल कसं छाटावं

गेल्या महिन्यात वाकडहून एका मुलाचा फोन आला. दीड वर्षापूर्वी तो माझ्याकडून झेनिया या सॉफ्ट कोरलचा, म्हणजे मऊ प्रवाळाचा, अंगठ्याएवढा फ्रॅग (लावायचा तुकडा) घेऊन गेला होता. "ताई, झेनिया पार मागच्या काचेवर चढलाय. जीएसपीनं अर्धा रॉक झाकून टाकलाय, झोआ तर दिसतच नाहीत. आज सुट्टी आहे, सगळं एकदम काढून टाकू का?"

मी म्हटलं, "अरे, थांब. आज फक्त टॉर्च घेऊन टँकसमोर बस आणि काय कुठे चिकटलंय ते कागदावर काढ. ब्लेडला हात लावू नकोस."

जीएसपी आणि झोआ हीही टँकमध्ये अशीच पसरणारी, त्यांची ओळख पुढे येईल. पुढचा तासभर त्याला जे सांगितलं, ते इथे नीट लिहून काढते आहे. पुण्यात मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवणारे आता बरेच झालेत आणि सुरुवात बहुतेक जण सॉफ्ट कोरलपासूनच करतात. पहिलं वर्ष ते जगतंय की नाही या काळजीत जातं. दुसऱ्या वर्षी ते आवरेनासं होतं.

एकदम सगळं काढू नका

सॉफ्ट कोरल नुसतं शोभेचं नसतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात जे नायट्रेट, फॉस्फेट साठतं, ते वाढता वाढता ते खेचून घेत असतं. जो झेनिया तुम्हाला नकोसा झालाय, तोच इतके दिवस पाणी राखत होता. तो एका दुपारी उपटला की खाणं पूर्वीइतकंच पडत राहतं, पण ते उचलणारं कोणी उरत नाही. आणि मोकळ्या झालेल्या रॉकवर भरपूर उजेड पडू लागतो. शेवाळाला आणखी काय हवं?

माझ्या दोनशे लिटरच्या टँकमध्ये पहिल्यांदा मी हेच केलं. एका रविवारी दोन मोठ्या वाट्या भरतील एवढा झेनिया काढला. टँक मोकळा, प्रशस्त दिसायला लागला, फार बरं वाटलं. बाराव्या दिवशी नायट्रेट १० वरून ४० पीपीएमवर (दहा लाखांत चाळीस भाग) गेलेलं होतं आणि रॉकवर बोटभर लांब हिरवं केसाळ शेवाळ डुलत होतं. ते निघायला तीन महिने लागले.

म्हणून जेवढं काढायचं आहे त्याचे तीन भाग करा. एका वेळी एकच भाग काढायचा आणि मध्ये दोन आठवडे जाऊ द्यायचे. दर वेळी कापण्याआधी आणि नंतर चौथ्या-पाचव्या दिवशी नायट्रेट मोजा. चढलेलं दिसलं तर पुढचा हप्ता लांबवा.

त्याच वेळी माशांच्या खाण्याकडे बघा. सॉफ्ट कोरल माजलं याचा अर्थ बहुतेक वेळा खाणं जास्त पडतंय. दोन क्लाउनफिश आणि एखादा गोबी असेल तर दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. फ्रोझन खाणं वितळलेल्या पाण्यासकट ओतू नका, चहाच्या गाळणीत धुऊन घ्या. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या दरम्यान असलं की सॉफ्ट कोरलच्या टँकला पुरतं. शून्याच्या मागे लागू नका. दोन्ही शून्यावर गेलेल्या टँकमध्ये डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) येतात, तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेला थर, आणि तो शेवाळापेक्षाही चिवट असतो.

आधी ओळख पटवा

प्रत्येकाची कापायची पद्धत वेगळी, म्हणून नाव माहीत हवं. मऊ देठावर आठ-आठ पिसांसारख्या बोटांचे पंजे सारखे उघडझाप करताना दिसले तर तो झेनिया. जांभळ्या सालीवर हिरवळ उगवल्यासारखे पॉलिप्स (कोरलची फुलासारखी तोंडं) म्हणजे जीएसपी, ग्रीन स्टार पॉलिप. झाडासारख्या फांद्यांचं आणि अधूनमधून एखादी फांदी आपणच गाळणारं ते केनिया ट्री. जाड देठावर छत्री धरलेलं, हाताला चामड्यासारखं लागणारं ते लेदर. चकतीसारखी रॉकला चिकटलेली ती मशरूम्स. आणि बटणाएवढ्या तोंडाभोवती झालर असलेले, गुच्छाने वाढणारे झोआ. शास्त्राच्या दृष्टीनं मशरूम आणि झोआ ही सॉफ्ट कोरल्स नव्हेत, पण टँकमध्ये ती याच कुटुंबात नांदतात आणि माजतातही तशीच.

जीएसपीबद्दल एक सावधगिरी. त्याच्यासारखेच पॉलिप्स असलेलं ऑर्गन पाइप कोरल असतं. त्याच्या खाली लालभडक नळ्यांचा कडक सांगाडा असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ऑर्गन पाइप, सगळी रीफ बांधणारी कडक कोरल्स, काळं कोरल, फायर कोरल आणि सगळे सी फॅन आहेत. यांची खरेदी-विक्री आपल्याकडे गुन्हा आहे. कोणी स्वस्तात देतो म्हटलं तरी घेऊ नका. किनाऱ्यावरून उचललेला 'लाइव्ह रॉक'ही पुष्कळदा मेलेल्या कोरलचा सांगाडाच असतो, त्यामुळे तोही नको. कृत्रिम सिरॅमिक रॉकवर सॉफ्ट कोरल उत्तम धरतं.

तयारी आदल्या दिवशी

कापायच्या आदल्या दिवशी मिठाचं पाणी करून ठेवा. टँकच्या पाचव्या हिश्शाएवढं, म्हणजे दोनशे लिटरला चाळीस लिटर. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) १.०२५. रात्रभर पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून फिरू द्या. पाणी आरओ-डीआयचंच हवं, म्हणजे आरओनंतर डीआयच्या रेझिनमधून उरलेले क्षारही काढलेलं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी प्यायला चांगलं असतं, पण त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तीस-पन्नासच्या घरात राहतो आणि आपल्याला शून्य हवा. खडकवासल्याचं नळाचं पाणी तरी मवाळ. वाघोली, हिंजवडीकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर डीआयचं रेझिन फार लवकर संपतं. तिथे दर वेळी टीडीएस मीटर बुडवून बघाच.

दिवस निवडताना दोन गोष्टी बघा. पुण्यात पुष्कळ भागांत देखभालीसाठी वीज आणि पाणी गुरुवारी बंद असतं. बुधवारी संध्याकाळी कापलं आणि गुरुवारी सकाळी पंप बंद पडले, तर कापलेल्या कोरलचा चिकट स्राव पाण्यात तसाच साचून राहतो आणि माशांचा जीव जाऊ शकतो. शनिवारी सकाळी सुरू करा, म्हणजे रविवारभर नजर ठेवता येते. दुसरं म्हणजे ऋतू. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा टँक पंख्याच्या किंवा चिलरच्या जोरावर कसाबसा २६-२७ अंशांवर असतो आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. त्या दोन महिन्यांत मोठी कापणी टाळा. दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला.

सामान फार लागत नाही. मेडिकलमधून ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि हँडल, लांब चिमटा, नायट्राइलचे हातमोजे. बोहरी आळीत प्लॅस्टिकचा खरवडायचा पट्टा आणि डोळ्यांना सगळीकडून बंद बसणारा गॉगल मिळतो. तुळशीबागेतून बारीक जाळीच्या कापडाचा तुकडा आणा. रबर बँड, लाकडी टूथपिक, दोन-तीन पसरट डबे. चिकटवायला सायनोअॅक्रिलेटचं जेल, पातळ फेविक्विक पाण्यात पसरतं आणि कामाला येत नाही. हे सगळं सामान टँकचंच ठेवा, त्याला साबण लावू नका. काम झालं की गोड्या पाण्यात धुऊन पुसा, नाहीतर ब्लेडला एका रात्रीत गंज चढतो.

आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन. दोनशे लिटरला साधारण एक कप, धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) किंवा फिल्टरमध्ये, कापायच्या आधीच लावलेला हवा. याचं कारण लेदरच्या भागात येईल.

कापताना

पंप बंद करा. तुकडे उडून रॉकच्या फटीत गेले की तिथेच रुजतात, म्हणून शक्य असेल तिथे रॉक बाहेर काढून, टँकच्याच पाण्याने भरलेल्या डब्यात काम करा. हातावर ओरखडा असेल तर दोन मोजे घाला. डोळ्यांना हात लावायचा नाही.

जीएसपीपासून सुरुवात करा, त्यात हात बसतो. कडेला पट्टा टेकवला की सगळे पॉलिप्स क्षणात आत जातात. एवढी हिरवी शेतं डोलत होती तिथे नुसती जांभळी, सुरकुतलेली साल उरते. ती रबरासारखी चिवट असते. ओला पापड प्लॅस्टिकच्या कागदावरून सोडवतात तशी एका कडेने उचला, पट्टा खाली सरकवत रहा, ओढू नका. ओढली की फाटते, आणि खाचेत राहिलेला नखाएवढा तुकडा दोन महिन्यांत पुन्हा तळहाताएवढा होतो. साल निघाली की ती जागा ब्रशने घासून त्याच डब्यात धुवा. सोडवलेल्या सालीचा चांगला पट्टा ब्लेडने चौकोनी कापून जेलने सिरॅमिकच्या चकतीवर लावा. तो जवळपास नेहमी धरतो.

झेनियाचं उलट. पाण्यात तो इतका देखणा, आणि बाहेर काढला की क्षणात शेंबडासारखा गोळा. मरू लागला की उग्र वास मारतो आणि पाणी फार पटकन बिघडवतो. कापलेला झेनिया डब्यात तासभरही विसरू नका. देठ बुडाशी कात्रीनं कापा आणि त्याच वेळी दुसऱ्या हातात सायफनची नळी धरा. तिचं दुसरं टोक बादलीवरच्या गाळणीत सोडलं की सुटे तुकडे तिथेच अडकतात. आता खरं काम उरतं ते रॉकला चिकटलेल्या पायाचं. तो राहिला तर त्यातून परत देठ फुटतो. पट्ट्यानं खरवडून काढा. खाचेत असेल तर त्यावर जेलचा जाड थेंब टाकून बंद करा. ज्या रॉकवर चारी बाजूंनी झेनिया आहे, तो आख्खा रॉकच बाहेर काढलेला बरा. झेनियाचा फ्रॅग गोंदानं चिकटत नाही, निसटतो. छोट्या वाटीत दगडाची खडी घालून त्यावर देठ ठेवा, वरून जाळीचं कापड रबर बँडनं बांधा. आठवड्याभरात तो स्वतःच पकड घेतो.

केनिया ट्रीला फारसं काही करावं लागत नाही. नको असलेल्या फांद्या कापा आणि गळून पडलेल्या दर आठवड्याला वेचा. वेचल्या नाहीत की प्रत्येक फांदीचं झाड होतं.

लेदरला मात्र मान द्या. सारकोफायटन आणि सिन्युलॅरिया ही दोन्ही लेदर्स शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी पाण्यात टर्पीन जातीची रसायनं सोडतात. कापल्यावर हा स्राव एकदम वाढतो आणि शेजारची कोरल्स मिटून बसतात. कार्बन आधीपासून लावायचा तो यासाठी. लेदर टँकमध्ये कधीही कापू नका. रॉकसकट बाहेर काढा आणि धारदार ब्लेडनं छत्री देठापासून एका घावात वेगळी करा. करवतीसारखं मागे-पुढे केलं की जखम चिंध्यांसारखी होते आणि सडते. आत पांढरा, किंचित खरखरीत गर दिसेल. तो खरखरीतपणा म्हणजे त्याच्या अंगातले चुन्याचे बारीक काटे. देठ आणि छत्री दोन्ही वेगळ्या डब्यांत, टँकच्या ताज्या पाण्यात, लाळ सुटायची थांबेपर्यंत धुवा. मग देठ परत जागेवर ठेवा, काही आठवड्यांत त्याला नवी छत्री फुटते. कापलेल्या छत्रीचे केकसारखे त्रिकोण करा आणि प्रत्येक तुकडा टूथपिक आरपार घालून रबर बँडनं दगडावर हलकेच बांधा. घट्ट बांधलं तर रबर बँडच त्याला कापतो.

नवीन लोक घाबरतात ते इथे. कापलेलं लेदर आठवडा-दोन आठवडे मिटून राहतं, अंगावर मेणासारखा पापुद्रा येतो आणि प्रवाहात तो सुटून जातो. हे नेहमीचंच आहे, हात लावू नका. काळा, पिलपिलीत डाग दिसला आणि वास आला, तरच तेवढा भाग निरोगी गरापर्यंत कापून टाका.

मशरूम्स टँकमध्ये कापू नका, मागे राहिलेल्या प्रत्येक तुकड्याचं नवं मशरूम होतं. रॉक बाहेर काढता येत नसेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या पेस्टनं ती मारता येतात. पानाला लावतात त्या चुन्याचाच हा शुद्ध प्रकार. डीआय पाण्यात दाट कालवून, पंप बंद ठेवून, सिरिंजनं मशरूमच्या तोंडावर सोडा आणि वीस मिनिटं थांबा. एका दिवसात दोन किंवा तीनच, कारण चुन्यानं पाण्याचा पीएच चढतो. जिभेला चुना लागला की काय होतं हे पान खाणाऱ्याला माहीत असतं. डोळ्यांत गेला तर फार वाईट, तेव्हा गॉगल इथेही हवाच.

झोआ: इथे घाई नको

काही झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गात सापडलेल्या अतिशय जहाल विषांपैकी हे एक. हवाईमधल्या पॅलिथोआतून १९७१ मध्ये ते शास्त्रज्ञांनी वेगळं केलं. डोळ्यात तुषार उडाला तर बुबुळाला इजा होते, जखमेतून गेलं तर हात बधिर होतो, छातीत धडधड होते, स्नायू दुखतात. आणि झोआ असलेला रॉक 'निर्जंतुक करायला' उकळला किंवा त्यावर गरम पाणी ओतलं की वाफेबरोबर ते श्वासात जातं. अशाने घरातली सगळी माणसं आणि पाळीव कुत्रीसुद्धा आजारी पडल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत.

म्हणून उकळायचं नाही, गरम पाणी नाही, वाळलेला रॉक घासायचा नाही, जोराची पाण्याची धार मारायची नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम नको. मुलं आणि कुत्रा-मांजर त्या खोलीत नकोत. मोजे, गॉगल, मास्क तिन्ही घाला. कापताना झोआ मिटलेला असला की त्यातून अचानक पिचकारी उडते, त्यामुळे चेहरा वर ठेवा आणि ब्लेड पाण्याखालीच चालवा. दोन पॉलिप्सच्या मधल्या सालीतून कापा, पॉलिपमधून नको. वापरलेले डबे, ब्लेड आणि टाकून द्यायचे तुकडे एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून ठेवा, तेही खिडकी उघडी ठेवून. नंतर ताप, तोंडात धातूसारखी चव, धाप किंवा डोळे लाल होणं यातलं काहीही झालं तर थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा. हा शब्द त्यांच्या रोजच्या ऐकण्यातला नसतो.

कापून झाल्यावर

पंप सुरू करा, आदल्या दिवशी केलेल्या पाण्याने वीस टक्के पाणी बदला. स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दोन दिवस वेड्यासारखा फेस काढेल, कप दिवसातून दोनदा रिकामा करा. पहिली रात्र एक एअरस्टोन जास्तीचा चालू ठेवा. मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेत असतील तर आणखी पाणी बदला आणि अमोनिया तपासा. कार्बन आठवड्यानं बदला.

काढलेलं कोरल द्यायला माणसं शोधून ठेवा. फ्रॅग चकतीवर धरायला दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस तो आपल्याकडेच ठेवा. देताना हे किती पसरतं ते समोरच्याला मोकळेपणानं सांगा. वाकडच्या त्या मुलाला मी ते पुरेसं सांगितलं नव्हतं, आता प्रत्येकाला सांगते.

आणि एक कळकळीची विनंती. मालवणला, दापोलीला निघालात म्हणून नकोसं झालेलं कोरल डब्यातून नेऊन समुद्रात सोडू नका. त्याला जीवदान दिल्यासारखं वाटतं, पण व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर काय झालं ते बघा. युनोमिया नावाचं, आपल्या झेनियाच्या जवळचं, मूळचं इंडो-पॅसिफिकमधलं सॉफ्ट कोरल तिथे मत्स्यालयांच्या व्यापारातून पाण्यात गेलं आणि त्यानं समुद्राचा तळच्या तळ झाकून टाकला. खालची स्थानिक कोरल्स त्याच्या चादरीखाली गुदमरली. मालवणच्या समुद्रात जे प्रवाळ उरलंय ते आधीच तापमानानं आणि गाळानं हैराण आहे. कोणी घेणारं नसेल तर तुकडे ब्लीचच्या पाण्यात मारून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. बेसिनमध्ये, नाल्यात किंवा मुठा नदीत काहीही जिवंत सोडू नका.

परत माजू नये म्हणून

जीएसपी आणि झेनिया मुख्य रॉकवर परत लावू नका. त्यांना रेतीत वेगळा, सुटा दगड द्या, चारी बाजूंनी किमान चार बोटं मोकळी रेती राहील असा. जीएसपीला मागची काचही चालते, तिथून तो पट्ट्यानं सहज निघतो. लेदरभोवती ओंजळभर मोकळी जागा सोडा आणि प्रवाहाच्या दिशेला त्याच्या पुढे नाजूक काही ठेवू नका.

दर पंधरा दिवसांनी पाणी बदलताना, दिवे विझायच्या आधी, त्या बेटांच्या कडा टॉर्चनं बघा. जीएसपी रेतीवरून पुढे यायला लागला की आधी जांभळी, पॉलिप्स नसलेली पातळ जीभ दिसते. ती नखाएवढी असताना पट्ट्याच्या एका सरकण्यात निघते. त्याच संध्याकाळी काढा.